वाद घालायलाही शिकवावे लागते

महाविद्यालयाचे सभागृह भरलेले असते. व्यासपीठावर फिरता करंडक ठेवलेला असतो, समोर तीन परीक्षक बसलेले असतात आणि बाजूला घंटा घेऊन एक स्वयंसेवक उभा असतो. 'समाजमाध्यमे : शाप की वरदान' या विषयावर पहिला स्पर्धक बाजूने बोलतो. सुरुवातीला चार ओळींची कविता, मध्ये एखाद्या थोर पुरुषाचे वचन आणि शेवटी आवाज चढवून केलेले आवाहन. टाळ्या पडतात. मग विरोधी बाजूचा स्पर्धक येतो. त्याचीही कविता तयार असते, वचन तयार असते आणि आवाहनही. पहिल्या वक्त्याने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एकालाही तो स्पर्श करत नाही, कारण त्याचे भाषण आठवडाभर आधीच पाठ झालेले असते. दोघांचा क्रम उलटा लावला असता, तरी कोणालाही आपल्या भाषणातला एक शब्द बदलावा लागला नसता.

या कार्यक्रमाला आपल्याकडे 'वादविवाद स्पर्धा' म्हणतात. प्रत्यक्षात त्यात विवाद नसतो आणि वादही नसतो. एकाच विषयावरची दोन स्वतंत्र भाषणे असतात. महाराष्ट्राला वक्तृत्वाची थोर परंपरा आहे आणि या स्पर्धांनी अनेक उत्तम वक्ते, नट, पत्रकार आणि राजकीय कार्यकर्ते घडवले, हेही खरे. परंतु समोरच्याचे म्हणणे ऐकून घेणे, त्यातील बलस्थान ओळखणे, पुराव्याची पारख करणे आणि गरज पडल्यास स्वतःचे मत बदलणे, ही कौशल्ये पाठांतरातून येत नाहीत. ती वेगळी शिकवावी लागतात. पदवीच्या तीन-चार वर्षांत ती शिकवण्याची व्यवस्था बहुतेक महाविद्यालयांत नाही.

चार वर्षांत काय कमावले?

ही केवळ भावना नाही. संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रिकल अभियांत्रिकी या शाखांच्या विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास 'नेचर ह्युमन बिहेवियर' या संशोधन नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत, चीन, रशिया आणि अमेरिका या चार देशांतील हजारो विद्यार्थ्यांची कौशल्ये त्यात तपासण्यात आली. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या तुलनेत भारत, चीन आणि रशियातील विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचारक्षमतेत चार वर्षांच्या शिक्षणातून वाढ होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. भारतीय विद्यार्थ्यांच्या विषयज्ञानात पहिल्या दोन वर्षांत भर पडत असल्याचे मात्र त्यात दिसले. म्हणजे अभ्यासक्रम शिकवला जातो आणि तो विद्यार्थ्यांपर्यंत काही प्रमाणात पोहोचतोही. अडते ते विचार करण्यापाशी.

अमेरिकेतही सारे आलबेल आहे असे नाही. रिचर्ड अरम आणि योसिपा रोक्सा या समाजशास्त्रज्ञांनी २४ संस्थांमधील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा माग घेतला. त्यांचे 'अॅकॅडेमिकली अॅड्रिफ्ट' हे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचार, विश्लेषण आणि लेखन या क्षमतांमध्ये लक्षणीय सुधारणा आढळली नाही, असे त्यांनी दाखवले. ज्या अभ्यासक्रमांत आठवड्याला चाळीसहून अधिक पाने वाचावी लागत आणि एका सत्रात वीसहून अधिक पाने लिहावी लागत, तेथील विद्यार्थ्यांची प्रगती तुलनेने चांगली होती. आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईड आणि नोट्स यांवर पदवी निघते, हे ध्यानात घेतले तर या निरीक्षणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

चिकित्सा म्हणजे खोड काढणे नव्हे

चिकित्सक विचार म्हणजे नेमके काय, याबाबत बरेच गैरसमज आहेत. कोणत्याही गोष्टीवर शंका घेणे, उणीदुणी काढणे किंवा प्रत्येक वेळी विरोधात बोलणे, असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो. ४६ तज्ज्ञांच्या गटाने पीटर फॅशिओन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये जो अहवाल तयार केला, त्यात या विचाराची सहा अंगे सांगितली आहेत : अर्थ लावणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, अनुमान काढणे, आपले म्हणणे कारणांसह स्पष्ट करणे आणि स्वतःच्या विचाराची स्वतःच तपासणी करणे. यातील शेवटचे अंग सर्वांत अवघड. दुसऱ्याच्या युक्तिवादातील भोक चटकन दिसते. आपल्या युक्तिवादातील भोक दाखवण्यासाठी समोर कोणी तरी लागतो.

वादाची गरज येथेच निर्माण होते. एकट्याने विचार करणारा माणूस आपल्याला आवडणारी कारणे आधी गोळा करतो. समोर बसलेला प्रतिपक्षी त्याला न आवडणारे कारण पुढे आणून ठेवतो. त्याला उत्तर द्यायचे तर आपले मत पुन्हा तपासावेच लागते.

दावा न तपासता स्वीकारण्याची किंमत किती असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांची हत्या केली. मुले पळवणाऱ्यांविषयीच्या अफवा त्या काळात मोबाइलवरील संदेशांतून पसरत होत्या. महाविद्यालयातील वादविवादाच्या तासांनी अशी घटना टळली असती, असा दावा कोणी करणार नाही. मात्र 'हे कोणी सांगितले, त्याला कसे कळले आणि ते खरे नसेल तर काय', हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागलेले नागरिक प्रत्येक गावात आणि प्रत्येक सोसायटीत असणे किती आवश्यक आहे, ते त्या दिवसाने दाखवून दिले.

वाद, जल्प आणि वितंडा

'उगाच वाद घालू नकोस' हे वाक्य मराठी घरात लहानपणापासून कानावर पडते. वाद म्हणजे भांडण, असे समीकरण मनात पक्के होते. भारतीय तर्कपरंपरेत मात्र वाद या शब्दाला मानाचे स्थान आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्ष मांडले जातात, तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, शब्दच्छल करूनही केली जाते ती चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता फक्त समोरच्याची बाजू पाडण्याचा खटाटोप म्हणजे वितंडा. आजही आपण 'वितंडवाद' हा शब्द वापरतो, तो तेथूनच आला. दूरचित्रवाणीवर रात्री रंगणाऱ्या चर्चांपैकी किती वाद असतात आणि किती वितंडा, याचा निवाडा प्रेक्षकांनीच करावा.

न्यायशास्त्राने युक्तिवादाची रचनाही घालून दिली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही तिची पाच अंगे. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. सदोष कारणांना 'हेत्वाभास' असे नाव देऊन त्यांचे पाच प्रकार केले गेले. चर्चेत पराभव केव्हा मानायचा, याची बावीस 'निग्रहस्थाने' सांगितली गेली. मूळ विषय सोडून भलतेच बोलणे हे त्यांतील एक. तेच ते पुन्हा सांगणे हे दुसरे.

यातील 'अननुभाषण' हे निग्रहस्थान आजच्या महाविद्यालयांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, सभेला ते समजले आणि तरीही ते जो स्वतःच्या तोंडून पुन्हा मांडू शकत नाही, तो हरला, असा हा नियम. समोरच्याचे म्हणणे आधी नीट सांगता आले पाहिजे, मगच खंडनाचा अधिकार. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडून मग सिद्धान्ताकडे जाण्याची पद्धत आहे, तिच्यामागेही हीच शिस्त आहे. या कसोटीवर आजच्या करंडक स्पर्धांतील किती विजेते टिकतील, हा प्रश्नच आहे.

एकोणिसाव्या शतकातील धडे

आधुनिक शिक्षणाच्या सुरुवातीच्या काळात वादाचे हे महत्त्व विद्यार्थ्यांनीही ओळखले होते. मुंबईतील एल्फिन्स्टन संस्थेत १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. तरुण दादाभाई नौरोजी तिच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांपैकी होते. सभासद निबंध वाचत आणि त्यावर चर्चा होई. मराठी आणि गुजराती भाषांत हे काम करण्यासाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. या मंडळींनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सभासदांनी स्वतः तेथे शिकवले. चर्चेतून कृती कशी निघते, याचे हे उदाहरण आजही मार्गदर्शक ठरावे.

पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यातील मतभेद 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या स्तंभांतून महाराष्ट्राने वाचले. संमतिवयाच्या १८९१ मधील कायद्यावरून तर सारे पुणे ढवळून निघाले होते. त्या वादात कटुता होतीच. पण वाचकाला दोन्ही बाजूंची कारणे कळत होती आणि आपले मत कोणत्या कारणावर उभे आहे, ते त्याला सांगता येत होते.

प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शिक्षकाला किंमत मोजावी लागते, हाही त्याच शतकाचा धडा. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजातील तरुण शिक्षक हेन्री डेरोझिओ यांनी १८२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'अॅकॅडेमिक असोसिएशन' ही चर्चासभा सुरू केली. रूढींवर मोकळी चर्चा होऊ लागल्यावर सनातनी पालक खवळले आणि १८३१ मध्ये डेरोझिओ यांना महाविद्यालय सोडावे लागले. त्याच वर्षी अवघ्या बाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जागतिक स्पर्धांची रीत

आज जगभरच्या विद्यापीठांत वादविवादाचा जो प्रकार सर्वाधिक खेळला जातो, तो ब्रिटिश संसदीय पद्धतीचा. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा १९८१ मध्ये ग्लासगो येथे सुरू झाली. २०१४ मधील स्पर्धेचे यजमानपद चेन्नईने भूषवले होते. या पद्धतीत एका फेरीत प्रत्येकी दोन वक्त्यांचे चार संघ असतात. दोन संघ ठरावाच्या बाजूने आणि दोन विरोधात. कोणी कोणत्या बाजूने बोलायचे, हे स्पर्धकाच्या हाती नसते. ठराव जाहीर झाल्यानंतर तयारीला साधारण पंधरा मिनिटे मिळतात. प्रत्येकाला सात मिनिटे बोलता येते. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून मधल्या वेळात विरोधी वक्ते उभे राहून प्रश्न विचारू शकतात.

या नियमांचा परिणाम सरळ आहे. भाषण पाठ करून येण्याची सोय राहत नाही. आपल्याला न पटणारी बाजूही मांडावी लागते, म्हणजे तिच्यातील बळ शोधावे लागते. मधेच आलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

तथापि, ही पद्धत जशीच्या तशी वर्गात आणण्यात अडचणीही आहेत. भारतात तिचा वावर प्रामुख्याने इंग्रजीत आणि मोठ्या शहरांतील मोजक्या महाविद्यालयांत आहे. पंधरा मिनिटांत पुरावा शोधायला वेळ मिळत नाही, त्यामुळे हजरजबाबीपणाला महत्त्व येते. कोणतीही बाजू तेवढ्याच सफाईने मांडता येते, या जाणिवेतून कोणतीच बाजू खरी नसते, असा उथळ निष्कर्ष काढणारे विद्यार्थीही तयार होऊ शकतात. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वाद शिकवायला जावे आणि जल्प शिकवून यावे, असे होण्याचा हा धोका आहे.

शिवाय प्रत्येक प्रश्नाला दोन तुल्यबळ बाजू असतातच असे नाही. अस्पृश्यता पाळावी की नाही, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने ती नष्ट केली आहे. जातिभेद संपवण्याचे कोणते उपाय अधिक परिणामकारक ठरले, हा मात्र उत्तम विषय आहे. विषयाची निवड हीच शिक्षकाची पहिली परीक्षा.

पन्नास मिनिटांच्या तासात काय करता येईल?

हे सारे ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात कसे जमायचे, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी सभागृह, करंडक किंवा परीक्षक लागत नाहीत. वर्गाचे पाच-पाच जणांचे सोळा गट करता येतात. प्रत्येक गटात दोघे ठरावाच्या बाजूने, दोघे विरोधात आणि एक जण नोंदी घेणारा. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवायची.

पहिली दहा मिनिटे दिलेले एक पान वाचून तयारी. मग प्रत्येक बाजूला मांडणीसाठी तीन मिनिटे. त्यानंतरची चार मिनिटे सर्वांत महत्त्वाची : प्रत्येक बाजूने समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि 'होय, आम्हाला हेच म्हणायचे होते' अशी कबुली मिळेपर्यंत पुढे जायचे नाही. मग खंडनासाठी प्रत्येकी तीन मिनिटे. कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळाले नाही, ते नोंदी घेणारा चार मिनिटांत सांगतो. पुढची दहा मिनिटे प्रत्येकाने एक परिच्छेद लिहायचा : माझे मत काय, विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता आणि कोणता पुरावा मिळाला तर मी मत बदलेन. उरलेली दहा मिनिटे शिक्षकाची. पुढच्या तासाला बाजू बदलायच्या.

उदाहरणादाखल एक जवळचा ठराव घेऊ. अनेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. 'उपस्थितीची ही सक्ती रद्द करावी' हा तो ठराव. विरोधी बाजूचा विद्यार्थी म्हणेल, ज्यांची उपस्थिती जास्त त्यांना गुणही जास्त मिळतात, म्हणून सक्ती हवी. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्या आधारे हे विधान उलगडता येते. 'सक्ती हवी' हा दावा. 'उपस्थिती जास्त, गुण जास्त' हा आधार. आणि आधारापासून दाव्यापर्यंत नेणारा, पण न बोललेला दुवा असा : उपस्थितीमुळेच गुण वाढतात.

वर्गाने बोट ठेवायचे ते या दुव्यावर. मुळात अभ्यासू असलेली मुले तासाला बसतात आणि गुणही मिळवतात, असे तर नाही ना? काही ठिकाणी अंतर्गत गुणांतच उपस्थितीचे गुण धरलेले असतात. तेथे जास्त उपस्थितीला जास्त गुण मिळणार, हे आधीच ठरलेले असते. मग त्या आकड्यांतून काय सिद्ध झाले? दुसऱ्या बाजूने सकाळी नोकरी करणाऱ्या किंवा तालुक्याहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याचा मुद्दा येईल. त्यालाही प्रश्न विचारायला हवा. अशा विद्यार्थ्यांची अडचण सक्ती रद्द करून सुटेल, की तासांच्या वेळा बदलून? अर्ध्या तासात विद्यार्थी सहसंबंध आणि कारण यांतला फरक शिकतात, तोही संख्याशास्त्राचे पुस्तक न उघडता.

अशा पद्धतीला संशोधनाचाही आधार आहे. फिलिप अब्रामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकित्सक विचाराच्या अध्यापनावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. वर्गातील संवाद, खऱ्या जगातील प्रश्नांवर काम आणि शिक्षकाचे व्यक्तिगत मार्गदर्शन यांचा चांगला उपयोग होतो, असे त्यातून पुढे आले.

गुण कशाला द्यायचे?

विद्यार्थी काय शिकतात, हे बऱ्याच अंशी गुण कशाला मिळतात यावर ठरते. स्पर्धेत आवाज, हावभाव आणि पाठांतर यांना गुण असतील, तर तेच जोपासले जाणार. त्याऐवजी दहा गुणांची विभागणी वेगळी करता येईल. समोरची बाजू प्रामाणिकपणे मांडण्यास तीन, पुरावा आणि त्याचा स्रोत सांगण्यास तीन, नेमक्या मुद्द्याचे खंडन करण्यास तीन आणि सादरीकरणास एक. एवढ्या एका बदलाने करंडक स्पर्धांचे स्वरूपही पालटू शकेल.

लेखी परीक्षेचेही तेच. 'लोकशाहीचे गुणदोष स्पष्ट करा' या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये छापलेले असते. त्याऐवजी वर्तमानपत्रातील एखाद्या लेखाचे दोन परिच्छेद द्यावेत आणि लेखकाचा दावा कोणता, त्याने काय गृहीत धरले आहे, कोणती माहिती मिळाल्यास दावा कोसळेल, असे विचारावे. अशा प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही गाईडमध्ये सापडणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. घरून लिहून आणायचा निबंध आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. त्यातील भाषा सफाईदार असते, माहिती मात्र कधी कधी चुकीची असते. ती चूक ओळखण्यासाठी चिकित्सक बुद्धी लागते. आणि समोर बसलेल्या सहाध्यायाच्या प्रश्नाला त्या क्षणी द्यायचे उत्तर यंत्राकडून लिहून आणता येत नाही.

अडचणी खऱ्या आहेत

या मार्गात अडथळे नाहीत असे नाही. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर कारभार चालतो. दर तासामागे मानधन मिळणाऱ्या शिक्षकाने शंभर परिच्छेद तपासावेत, ही अपेक्षा ठेवताना त्याच्या मोबदल्याचाही विचार व्हायला हवा. आठवड्याला सोळा गटांपैकी चार गटांचे लेखन तपासले, तरी महिन्याभरात प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत शिक्षकाचा अभिप्राय पोहोचतो, हा एक व्यवहार्य मार्ग आहे.

दुसरी अडचण भाषेची. घरात अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या आणि बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत वाद घालायला सांगितले, की त्याची सारी शक्ती शब्द शोधण्यात खर्च होते आणि तो गप्प बसतो. ते मौन म्हणजे विचारांचा अभाव नव्हे. तर्क आधी स्वतःच्या भाषेत पक्का व्हावा, इंग्रजी नंतर येऊ शकते. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले विद्यार्थी आणि चारचौघांत बोलताना सतत अडवल्या जाणाऱ्या मुली यांच्यासाठी बोलण्याआधी दोन मिनिटे लिहिण्याची मुभा ठेवली, तरी वर्गातील आवाजांची संख्या वाढते. नाही तर वादविवाद म्हणजे नेहमीच्याच चार चुणचुणीत विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होऊन बसतो.

तिसरी अडचण भीतीची. कोणत्या विषयावरून कोणाच्या भावना दुखावतील आणि उद्या प्राचार्यांच्या दालनासमोर कोण घोषणा देईल, याची धास्ती शिक्षकांना असते. डेरोझिओंचा काळ पूर्णपणे सरला, असे म्हणता येत नाही. म्हणूनच सुरुवात उपस्थिती, परीक्षा पद्धत, शहरातील पार्किंग, कचरा अशा जवळच्या विषयांपासून करणे शहाणपणाचे. विधानावर बोलायचे, व्यक्तीवर नाही, ही शिस्त तेथे अंगी बाणली, की अवघड विषयांकडे जाता येते. मात्र त्या वेळी शिक्षकाच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी संस्थेची आहे. ती संस्थेने झटकली, तर कोणताही शिक्षक दुसऱ्यांदा ते धाडस करणार नाही.

संधी दारात आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चिकित्सक विचाराला महत्त्वाचे स्थान देण्यात आले आहे. महाराष्ट्रात या धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांची रचना २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. या रचनेत मुख्य विषयाबरोबरच क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान प्रणाली यांसाठी स्वतंत्र श्रेयांक आहेत. दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला साधारण तीस तास मिळतात. गौतमाच्या निग्रहस्थानांची यादी पाठ करून घेण्यात हे तास घालवायचे, की त्या नियमांनी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वाद घालायला लावायचे, हे विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि वर्गावरील शिक्षकांना ठरवायचे आहे. पहिला मार्ग पत्करला, तर वादशास्त्राचेही गाईड बाजारात येईल आणि परीक्षेला 'अननुभाषण म्हणजे काय, पाच ओळींत लिहा' असा प्रश्न पडेल.

दुसऱ्या मार्गाची कसोटी सोपी आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला त्याच्या विरोधी मताच्या माणसासमोर बसवावे आणि त्या माणसाचे म्हणणे त्याच्या समाधानाइतके नीट सांगायला लावावे. ते जमले, तर विद्यापीठाने त्याला काही तरी शिकवले असे म्हणता येईल. मग तो करंडक घेऊन घरी आला की रिकाम्या हाताने, याला फारसे महत्त्व उरत नाही.